‘होल्ड’ : धरणे, सांभाळणे आणि सोडणे

मागील पिढीतील माणसे आगगाडीने लांबच्या प्रवासाला निघत, तेव्हा त्यांच्या सामानात होल्डॉल हमखास असे. गादी, चादर, उशी, चपला असे सारे त्यात गुंडाळून पट्ट्याने आवळले जाई. घरात विजेचा दिवा बसवायचा तो होल्डरमध्ये. लहानशा स्थानकावर गाडी क्षणभर थांबते, त्या स्थानकाला आपण हॉल्ट म्हणतो. कार्यालयात कोणाची बढती अडली की ती ‘होल्डवर’ आहे असे सांगितले जाते. कंपनीच्या भागधारकाला शेअरहोल्डर म्हणतात. असा हा ‘होल्ड’ शब्द इंग्रजी न शिकलेल्यांच्याही बोलण्यात केव्हाच रुळला आहे.

प्रस्तुत लेखात या शब्दाचा उगम, त्याचे बदलत गेलेले अर्थ आणि त्यामागील सामाजिक इतिहास यांचे विवेचन करण्याचे आम्ही योजिले आहे. बौद्ध अभ्यासाच्या नियतकालिकात एका इंग्रजी क्रियापदाची चर्चा कशासाठी, असा प्रश्न वाचकांना पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, ‘धम्म’ आणि ‘उपादान’ हे पाली भाषेतील दोन अत्यंत महत्त्वाचे शब्द धरण्याच्या व घेण्याच्या क्रियेवरूनच आलेले आहेत. पाली ग्रंथांची इंग्रजी भाषांतरे वाचणारा तरुण अभ्यासक या दोन्ही ठिकाणी ‘धरणे’ पाहतो आणि गोंधळतो. धम्म धारण करावा असे सांगितले जाते, आणि काहीही धरून ठेवू नये असेही सांगितले जाते. मग खरे काय? ‘होल्ड’ या शब्दाचा प्रवास नीट पाहिला तर या गोंधळाची उकल होण्यास साहाय्य होईल, असे आम्हांस वाटते.

गुरे राखणारा शब्द

इंग्रजी ही जर्मॅनिक भाषाकुलातील भाषा होय. ‘होल्ड’चे प्राचीन इंग्रजीतील रूप ‘हेआल्डान’ असे होते. जर्मन भाषेतील ‘हाल्टेन’ आणि डच भाषेतील ‘हाउडेन’ ही त्याचीच भावंडे. या कुलातील ज्या भाषेत सर्वांत जुने विस्तृत लेखन उपलब्ध आहे ती गॉथिक भाषा आज लुप्त झाली आहे. इसवी सनाच्या चौथ्या शतकात वुल्फिला नावाच्या धर्मोपदेशकाने बायबलचे गॉथिक भाषांतर केले. त्यात बापाचे घर सोडून गेलेल्या आणि अन्नाला महाग झालेल्या मुलाची कथा आहे. त्याला डुकरे राखण्याच्या कामावर धाडले जाते. ‘राखणे’ या अर्थी तेथे आलेला शब्द ‘हाल्डान’ हाच आहे.

यावरून या शब्दाचा एक अतिशय जुना अर्थ गुराख्याच्या जीवनातून आलेला दिसतो. जनावरांवर लक्ष ठेवणे, त्यांना चारणे, ती भरकटू नयेत म्हणून जपणे हा तो अर्थ. प्राचीन इंग्रजीतही ‘हेआल्डान’चे अर्थ केवळ मुठीत पकडणे एवढेच नव्हते. राखणे, जोपासणे, वचन पाळणे, राज्य सांभाळणे हे सारे अर्थ त्यात होते. मराठी वाचकाला याचे नवल वाटू नये. आपणही गुरे पाळतो, वचन पाळतो आणि शीलही पाळतो. गुरे राखतो आणि मानही राखतो. दूरच्या दोन भाषांनी एकाच प्रकारे विचार केल्याचे हे उदाहरण आहे.

मज्झिम निकायातील द्वेधावितक्क सुत्तात भगवान बुद्धांनी गुराख्याचीच उपमा योजिली आहे. पावसाळ्याच्या अखेरच्या दिवसांत शेते पिकांनी भरलेली असतात, तेव्हा गुराख्याला काठी घेऊन गुरांना वळवावे लागते, अडवावे लागते. उन्हाळ्याच्या अखेरीस पिके घरात आलेली असतात. मग तो झाडाखाली किंवा मोकळ्या रानात बसून, गुरे तेथे आहेत एवढेच ध्यानात ठेवतो. दोन्ही वेळा तो गुरे राखीतच असतो. पण दुसऱ्या वेळी त्याच्या राखण्यात बळजोरी नसते, केवळ स्मृती असते. चित्ताचे रक्षण कसे करावे हे सांगण्यासाठी ही उपमा आली आहे. धरण्याचा सर्वांत निरोगी प्रकार कोणता, याचे याहून सोपे वर्णन आम्हांस ठाऊक नाही.

‘होल्ड’च्या परिवारात आणखीही काही शब्द आहेत. ‘बिहोल्ड’ म्हणजे पाहणे. त्याचा जुना अर्थ जपणे, ध्यान देणे असा होता. ज्याकडे लक्ष ठेवायचे त्याकडे पाहावे लागते, म्हणून राखण्यातून पाहणे आले. ‘हॉल्ट’ हा शब्द जर्मन ‘हाल्टेन’च्या आज्ञार्थी रूपापासून लष्करी भाषेमार्गे इंग्रजीत आला. सैनिकांना ‘थांबा’ असे सांगण्यासाठी ‘धरा’ असे म्हटले जाई. म्हणजे आपल्या गावाजवळचे हॉल्ट स्थानक आणि प्रवासातला होल्डॉल हे नात्याने एकमेकांचे लागतात.

मात्र केवळ उच्चारसाम्यावर विसंबून नाते जोडणे धोक्याचे असते. जहाजाच्या तळाशी माल ठेवण्याच्या पोकळीलाही इंग्रजीत ‘होल्ड’ म्हणतात. पण तो शब्द मुळात ‘पोकळी’ वा ‘छिद्र’ या अर्थाच्या शब्दापासून आला आणि ‘होल्ड’च्या सहवासाने त्याचे रूप पालटले. उंबरठ्याला ‘थ्रेशहोल्ड’ म्हणतात, त्यातही ‘होल्ड’ हे क्रियापद नाही. पाली शब्दांचे अर्थ लावतानाही हीच सावधगिरी आवश्यक आहे.

जमीन धरणारे लोक

गुरे राखणारा हा शब्द पुढे जमिनीकडे वळला आणि त्याच्या अर्थात मोठा पालट झाला. इ. स. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. त्याच्या आज्ञेने १०८६ मध्ये जमिनीची पाहणी होऊन जी नोंदवही सिद्ध झाली ती ‘डूम्सडे बुक’ या नावाने प्रसिद्ध आहे. ही नोंदवही लॅटिन भाषेत आहे आणि तीत ‘टेनेट’ हा शब्द वारंवार येतो. ‘टेनेट’ म्हणजे ‘तो धरतो’. अमुक जमीन अमुक सरदार राजाकडून धरतो, अशी ती नोंद असे. याच लॅटिन धातूपासून कूळ किंवा भाडेकरू या अर्थाचा ‘टेनंट’ आणि धारणेची मुदत वा पद्धत या अर्थाचा ‘टेन्युअर’ हे शब्द आले. ‘मत’ किंवा ‘सिद्धान्त’ या अर्थी इंग्रजीत जो ‘टेनेट’ शब्द आहे, तो तर ‘तो धरतो’ हाच शब्द जसाच्या तसा उचललेला आहे. जमीन जशी धरली जाते, तसे मतही धरले जाते, ही जाणीव या शब्दात नोंदली गेली आहे.

इंग्रजी कायद्याच्या जुन्या विचारानुसार सर्व जमीन अखेर राजाची. इतर सारे ती फक्त धरणारे. परंतु या धरणाऱ्यांत पायऱ्या होत्या. ज्याची धारणा स्वतंत्र माणसाला साजेशी होती तो ‘फ्रीहोल्डर’. त्याच्या खाली जमीनदाराच्या गढीशी बांधलेली कुळे होती. त्यांच्या धारणेला पुढे ‘कॉपीहोल्ड’ असे नाव पडले, कारण जमीनदाराच्या कचेरीतील नोंदीची नक्कल हाच त्यांचा पुरावा असे.

या पायऱ्यांचा संबंध केवळ शेतीशी नव्हता. १४३० च्या कायद्याने परगण्यांतील मतदान वर्षाला ४० शिलिंग उत्पन्न देणाऱ्या फ्रीहोल्डरांपुरते मर्यादित केले. कॉपीहोल्डवर जमीन असणाऱ्यांना परगण्यांत मताधिकार मिळण्यास १८३२ साल उजाडावे लागले, आणि तोही ठरावीक मूल्याची जमीन असणाऱ्यांनाच. १८६७ मध्ये शहरांतील घरधारकांना, म्हणजे ‘हाउसहोल्डर’ पुरुषांना, मत मिळाले. स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मत मिळाले ते १९२८ मध्ये. कॉपीहोल्ड ही धारणापद्धती १९२२ च्या कायद्यान्वये १ जानेवारी १९२६ रोजी संपुष्टात आली. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, कॉपीहोल्ड जमीन बंधमुक्त करणे आणि माणसाला मताधिकार देणे या दोन्हींसाठी इंग्रजीत ‘एन्फ्रँचाइज’ हे एकच क्रियापद आहे. काय धरले आहे यावरून माणसाची किंमत ठरविणाऱ्या व्यवस्थेची ही खूण होय.

वतन : धरणारा की धरलेला?

इंग्रजी राजवटीबरोबर हा विचार आपल्याकडे आला आणि येथील जुन्या विषमतेशी त्याची गाठ पडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आरंभीच्या लेखनात व कार्यात धारणेचा प्रश्न पुनःपुन्हा येतो, तो योगायोगाने नव्हे.

१९१८ मध्ये त्यांनी भारतातील लहान धारणक्षेत्रांविषयी एक इंग्रजी निबंध प्रसिद्ध केला. त्याच्या शीर्षकातच ‘होल्डिंग्ज’ हा शब्द आहे. शेते लहान व विखुरलेली आहेत म्हणून शेती मागासलेली आहे, ती एकत्र करावीत आणि मोठी करावीत, असे मत त्या काळी प्रबळ होते. बाबासाहेबांनी दाखवून दिले की, शेत किफायतशीर आहे की नाही हे केवळ त्याच्या आकारावरून ठरत नाही. त्या जमिनीवर राबणारे श्रम, लावलेले भांडवल आणि हाती असलेली अवजारे यांच्याशी तिचे प्रमाण कसे आहे, यावरून ते ठरते. जमिनीवर पोट भरणाऱ्यांची गर्दी हे खरे दुखणे असून, औद्योगिकीकरणाने ती गर्दी हलकी झाल्याशिवाय निव्वळ एकत्रीकरणाने प्रश्न सुटणार नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. धरलेली वस्तू किती मोठी आहे यापेक्षा धरणाऱ्याची स्थिती काय आहे, हे त्यांनी आधी पाहिले.

२७ जानेवारी १९१९ रोजी त्यांनी साउथबरो समितीपुढे साक्ष दिली. मताधिकार मालमत्तेवर व साऱ्यावर अवलंबून ठेवल्यास, ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या काही धरूच दिले नाही असे अस्पृश्य त्यातून वगळले जाणार, हे उघड होते. म्हणून त्यांच्यासाठी मताधिकाराची अट खाली आणावी, अशी मागणी त्यांनी केली. पुढे २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या संविधानाच्या अनुच्छेद ३२६ ने प्रौढ मताधिकार दिला आणि मत व मालमत्ता यांची फारकत केली.

महार वतनाचा प्रश्न या दृष्टीने विशेष बोलका आहे. वतन ही वरवर पाहता धारणाच होती. वतनदाराकडे जमिनीचा तुकडा होता, बलुत्याचा हक्क होता. परंतु त्या मोबदल्यात संपूर्ण कुटुंबाला रात्री-अपरात्री, हाक येईल तेव्हा सरकारी व गावकीच्या कामासाठी धावावे लागे. वतन नावाला त्याने धरलेले होते. प्रत्यक्षात वतनानेच त्याला धरून ठेविले होते. १९ मार्च १९२८ रोजी बाबासाहेबांनी मुंबई कायदे मंडळात १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. पूर्ण सारा भरून वतनदाराने जमीन राखावी आणि सेवेच्या बंधनातून मुक्त व्हावे, हे त्यातील प्रमुख सूत्र होते. जमीन टाकून द्या असे ते सांगत नव्हते. जमीन राहावी, बंधन जावे, असे ते सांगत होते. कनिष्ठ गाववतने अखेर १९५८ च्या कायद्याने नष्ट झाली.

आजही आपल्या सातबाऱ्याच्या उताऱ्यावर ‘भूधारणा पद्धती’ असा रकाना असतो. पूर्वीच्या वतनी जमिनींपुढे त्यात अनेक ठिकाणी ‘भोगवटादार वर्ग २’ अशी नोंद आढळते. अशी जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून हस्तांतरित करता येत नाही. ही नोंद वाचताना ती एका दीर्घ इतिहासाची शेवटची ओळ आहे, हे आपल्या मुलांना सांगितले पाहिजे.

पाली भाषेतील दोन धातू

‘भूधारणा’ शब्दातील ‘धारणा’ आणि आपला ‘धम्म’ एकाच धातूपासून निघाले आहेत. संस्कृत ‘धृ’, पाली ‘धारेति’ : धरणे, आधार देणे, टिकविणे. लॅटिन भाषेतील ‘फिर्मुस’ म्हणजे ‘दृढ’ हा शब्द भाषाशास्त्रज्ञ याच प्राचीन मुळाशी जोडतात. त्यापासून ‘फर्म’ शब्द आला आणि ठरीव खंड या अर्थामार्गे ‘फार्म’ही आला. या धातूतील धरणे खांबाचे आहे. खांब छप्पर धरतो, पण छप्पर आपल्या मालकीचे करीत नाही.

‘उपादान’ची घडण वेगळी आहे. त्यात ‘दा’ म्हणजे देणे हा धातू आहे. त्यापूर्वी ‘आ’ लागला की अर्थ उलटतो व ‘घेणे’ होतो. ‘उप’ लागून ‘जवळ ओढून घेणे’ होतो. दुसऱ्या शीलातील ‘अदिन्नादान’ या शब्दात हे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी उभे आहेत : ‘अदिन्न’ म्हणजे न दिलेले, ‘आदान’ म्हणजे घेणे. दान आणि उपादान एकाच धातूची दोन टोके आहेत, हे ज्याच्या ध्यानात आले त्याला दानाला धम्मात इतके महत्त्व का, हे वेगळे सांगावे लागत नाही.

पाली भाषेत ‘उपादान’चा आणखी एक अर्थ आहे : इंधन. अग्गिवच्छगोत्त सुत्तात अग्नीचा दृष्टान्त आहे. गवत-लाकडांच्या आधारे अग्नी जळतो आणि ते संपले, नवे मिळाले नाही, की विझतो. ज्वाला लाकडाला धरते असे आपणही म्हणतो; पण लाकडावाचून ज्वाला क्षणभर टिकत नाही. धरणारा धरलेल्या वस्तूवर असा अवलंबून होतो. प्रतीत्यसमुत्पादाच्या साखळीत तृष्णेनंतर उपादान आणि उपादानानंतर भव येतो, त्यामागे हेच निरीक्षण आहे.

उपादाने चार सांगितली आहेत : कामसुखांचे, दृष्टीचे म्हणजे मतांचे, शील-व्रतांच्या कर्मकांडाचे आणि आत्मवादाचे. यातील दुसरे उपादान म्हणजे वर पाहिलेला ‘टेनेट’ होय. मज्झिम निकायातील अलगद्दूपम सुत्तात याविषयी दोन उपमा आहेत. साप शेपटीकडून धरला तर तो उलटून डसतो. दुबेळक्याच्या काठीने दाबून मानेशी नीट धरला तर अपाय करीत नाही. वाद जिंकण्यासाठी शिकलेला धम्म शेपटीकडून धरलेल्या सापासारखा आहे. दुसरी उपमा तराफ्याची. तराफा नदी ओलांडण्यासाठी असतो, पार झाल्यावर डोक्यावर वाहण्यासाठी नव्हे. या दोन उपमांचा एकत्र विचार केला पाहिजे. तराफा सोडण्याचा उपदेश पैलतीरी पोहोचलेल्यासाठी आहे. नदीच्या मध्यावर जो आहे, त्याने तराफा घट्टच धरावा. ‘काहीही धरू नका’ असे सांगून, ज्यांना अद्याप काहीच मिळालेले नाही त्यांना हक्क सोडण्याचा उपदेश करणे हा धम्माचा विपर्यास आहे.

चारी दिशांच्या संघासाठी

सांभाळणारे धरणे व्यवहारात कसे असते, याचे उदाहरण आपल्याच भूमीत दगडावर कोरलेले आहे. नाशिकच्या लेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील लेख आहे. हे लेणे त्याने चारी दिशांच्या संघाला अर्पण केले. एका भिक्खूला नव्हे, तेव्हा हजर असलेल्या समूहालाही नव्हे, तर कोठूनही येणाऱ्या भिक्खूंच्या संघाला. सोबत ३,००० कार्षापणांची ‘अक्षयनीवी’, म्हणजे कधी न मोडायची ठेव, गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेविली : २,००० दरमहा शेकडा १ व्याजाने आणि १,००० शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नव्हते. व्याज तेवढे वापरायचे होते. पहिल्या ठेवीचे वर्षाचे व्याज २४० कार्षापण होते. वर्षावासातील वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ देण्याची तरतूद लेखात आहे, तिचा हिशेब याच्याशी तंतोतंत जुळतो.

विनयातही हीच दृष्टी आहे. आराम व त्याची जागा, विहार व त्याची जागा, मंचक-आसने, धातूची भांडी व हत्यारे, वेली-बांबू-लाकूड अशा पाच प्रकारच्या वस्तू सांघिक मानल्या असून, त्या कोणी व्यक्तीने, गटाने वा खुद्द संघानेही देऊन टाकू नयेत वा वाटून घेऊ नयेत, असा नियम आहे. संघ त्या वापरतो, सांभाळतो आणि पुढे येणाऱ्यांसाठी ठेवतो.

इंग्रजी कायद्यातील ‘ट्रस्ट’ची कल्पना याच्या जवळ जाते. विश्वस्त मालमत्ता धरतो, पण दुसऱ्यांच्या हितासाठी. गुरे राखणाऱ्या ‘होल्ड’चा जुना अर्थ कायद्याच्या या कोपऱ्यात जिवंत राहिला आहे. आपल्या अनेक विहारांची नोंदणी १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली झालेली आहे. विहाराची जागा मिळविण्यासाठी आधीच्या पिढीने रोजंदारीतून पैसा बाजूला काढला, डोक्यावरून विटा वाहिल्या. ती जागा आज ज्यांच्या नावाने कागदोपत्री आहे, त्यांनी आपले नाव कोणत्या अर्थाने तेथे आहे हे स्वतःला विचारावे. विहाराच्या किल्ल्या एकाच घरात राहू लागल्या, हिशेब सभेपुढे येईनासा झाला, निवडणूक टळू लागली, की तेथे धारणा संपते आणि उपादान सुरू होते. वतनाने आपल्या पूर्वजांना कसे धरून ठेविले होते हे जाणणाऱ्या समाजात पदाचे नवे वतन निर्माण होऊ नये.

म्हणून कोणतीही वस्तू, पद वा मत धरताना तीन प्रश्न विचारावेत, असे आम्ही सुचवितो. हे आम्ही कोणासाठी धरले आहे? आम्ही त्याला धरले आहे की त्यानेच आम्हांला? आणि पुढच्या हाती देण्याची वेळ येईल तेव्हा आमची मूठ उघडेल काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर विहाराच्या वार्षिक सभेत हिशेबाची वही सर्वांसमोर उघडून देता येते. तेथून आरंभ करावा.